बाग उजव्या हाताला ठेवून

ज्याने आयुष्यभर जमिनीवर रेघा मारल्या, त्याने कागदावर ओळी लिहायला बसावे हा एक प्रकारचा आगाऊपणाच आहे, याची मला जाणीव आहे. संपादकांनी आग्रह केला तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा नाही म्हणण्याचे धैर्य झाले नाही, एवढेच या लेखनाचे कारण. माझ्या हातून प्रत्येक गोष्ट उशिरा घडत आली आहे. पक्की नोकरी उशिरा, लग्न उशिरा, चारचौघांत तोंड उघडणे तर त्याहूनही उशिरा. लेखन या सर्वांत शेवटी आले. वाचकांनी ते त्याच हिशेबाने पदरात घ्यावे.

मी मूळचा शिक्षक. बंदराच्या गावातल्या शाळेत भूमिती शिकवीत होतो. वर्गात मला भीती वाटत नसे, कारण फळ्याकडे तोंड करून बोलता येते. पण पालकसभा असली की मी मागच्या बाकावर जाऊन बसे. पुढे शाळेच्या तुकड्या कमी झाल्या, माझी जागा गेली, आणि वयाच्या पस्तिशीनंतर मी ओव्हरसिअरच्या परीक्षेला बसलो. अभ्यासवर्गातली मुले मला 'सर' म्हणत आणि उत्तरे मात्र एकमेकांना विचारीत. मी उत्तीर्ण झालो, बांधकाम खात्यात लागलो आणि पुन्हा आमच्याच भागात येऊन पडलो. गावाने माझे नवे पद कधी मान्य केले नाही. मी निवृत्त होईपर्यंत सर्वांचा 'मास्तर'च होतो.

ओव्हरसिअर काय करतो, हे घरच्यांनाही नीट सांगता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. वरिष्ठ अभियंता कागदावर रस्ता काढतो. तो कागदावरचा रस्ता मातीवर उतरवणे हे ओव्हरसिअरचे काम. लोखंडी साखळीने मोजायचे, लाल-पांढरे बांबू उभे करून नजरेने ओळ साधायची, लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत चुन्याची फक्की टाकायची. सरळ रस्ता कोणीही आखतो. कस लागतो तो वळणावर. मोठे वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूला सरकतात. म्हणून वळणावर रस्ता रुंद हवा आणि त्याचा घेर वाहनाच्या लांबीला पुरणारा हवा. एवढे एक वाक्य ज्याला समजले, त्याला माझी अर्धी विद्या समजली.

लोकांना मात्र वळण म्हणजे आखणाऱ्याचा दोष वाटतो. पिंगुळीकडे काम चालू असताना एका कळसूत्री बाहुल्यांवाल्याच्या पडवीत मी पाणी प्यायला टेकलो होतो. तो बाहुलीचे दोर बांधता बांधता माझ्या खुंट्यांकडे बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने अगदी सहानुभूतीने विचारले, "मास्तरांनू, रस्तो सरळ काढूक जमत नाय म्हणान वाकडो काढतास काय?" मी त्याला घेर, उतार, ओढा असे सगळे समजावले. त्याने मान डोलावली आणि बाहुलीला मान डोलवायला लावली. दोघांचाही विश्वास बसला नव्हता. धामापूरच्या वाटेवर एका म्हातारीने माझ्या बांबूला म्हैस बांधली होती. मी ती सोडायला सांगितली तेव्हा तिने उलट विचारले की, सरकारचा खांब म्हशीला धरून ठेवत नसेल तर तो कशासाठी उभा केला आहे. मी दुसरा बांबू मागवला.

असे प्रसंग पुष्कळ आहेत. पण ज्याच्यासाठी मी हे लिहिण्याचे धाडस केले तो प्रसंग एकच, आणि तो आमच्या गावच्या तिठ्याचा.

द्विभाषिक राज्य मोडण्याच्या आगेमागेचे ते दिवस. कणकवलीकडून येणारा रस्ता, बंदराचा रस्ता आणि देवळाकडे जाणारा रस्ता आमच्या गावात एका ठिकाणी मिळत. त्या तिठ्याला लागून नगरपालिकेची बाग होती. बाग म्हणजे फार काही नव्हे. एक गोड्या पाण्याची विहीर, चार बाकडी, आणि विहिरीभोवती सुरंगीची पाच जुनी झाडे. शिमग्याच्या सुमारास सुरंगी फुलली की तिचा वास बंदरावर उतरणाऱ्या माणसाला आधी भेटे आणि गाव मागाहून. जनाबाय नावाची एक विधवा बाई आणि तिच्याबरोबर चारसहा बायका पहाटे उठून त्या कळ्या काढीत. ऊन चढण्यापूर्वी त्या काढल्या नाहीत तर उमलून वाया जातात. मग बाकड्यावर बसून केळीच्या सोपाच्या दोऱ्यात वळेसर, म्हणजे गजरे, ओवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विकायचे. त्या दोन महिन्यांवर जनाबायचे वर्ष चाले.

एस.टी. वाढली आणि तिठा अपुरा पडू लागला. गाडी एका दमात वळत नसे. कंडक्टर खाली उतरून शिटी वाजवी, गाडी मागे येई, पुढे जाई, पुन्हा मागे येई. एकदा ती मागे येता येता शिंप्याच्या ओट्याला टेकली, आणि तो हातातली सुई न सोडता ओरडत बाहेर आला. त्या दिवसापासून गावात दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, बागेचा कोपरा तोडून मोकळा चौक करा. दुसऱ्याचे म्हणणे, बागेच्या एका पानाला हात लावू देणार नाही. व्यापारी बहुतेक रस्त्याच्या बाजूचे, जुनी घराणी बागेच्या. सलून, चहाचे दुकान, देवळाचा कट्टा, कोठेही गेलात तरी हाच वाद. भावाभावांनी एकमेकांकडे गणपतीला जाणे सोडल्याचे मी पाहिले आहे.

खात्याने बागेचा कोपरा घ्यायचे ठरवले. जमीन सपाट, मालक नगरपालिका, अडचण नाही. नकाशा अभियंता साहेबांच्या सांगण्यावरून मीच काढला. नोकरी होती. त्या पाचपैकी चार झाडे चौकाच्या रेषेत येत होती आणि विहीरही. घरी नकाशा पसरून बसलो असताना माझी पत्नी वाकून बघत म्हणाली, "अहो, हे हिरवे ठिपके म्हणजे सुरंगीच ना? मग त्यांच्यावर फुली कशाला?" मी म्हटले, फुली म्हणजे काढायची झाडे. केसांतला वळेसर काढून तिने तो नकाशावर ठेवला आणि आत गेली.

लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी साहेब स्वतः येणार असे ठरले. साहेब घाटावरचे. हुशार, सरळ मनाचे, आणि आवाज असा की पोवाडा म्हणायला बसले असते तर नाव काढले असते. शाळेची खोली पुरणार नाही म्हणून सभा रवळनाथाच्या सभामंडपात ठेवली. साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे.

आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणे घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर उभा राहून मोठ्या आवाजात गावाचे मागणे एकेक तुकड्याने देवाच्या कानी घालतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा." हे लहानपणापासून इतके अंगवळणी पडलेले असते की त्यासाठी जागे असण्याचीही गरज नसते. त्या सभामंडपात, त्या खांबांमध्ये बसून, समोर कोणी उभा राहून खड्या आवाजात तुकड्या-तुकड्याने बोलू लागला की तोंडातून दुसरे काही निघतच नाही.

साहेबांनी प्रस्ताव वाचायला घेतला. "तिठ्यावरील वाहतूक दिवसेंदिवस वाढत आहे," असे म्हणून ते श्वास घ्यायला थांबले. आमचे तात्या गावकर पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. त्यांच्या तोंडून सहज निघाले, "व्हय म्हाराजा." मागच्या दोघा-तिघांनी री ओढली. साहेबांना बरे वाटले असावे. त्यांनी आवाज चढवला. "तरी नागरिकांच्या सोयीसाठी मोकळा चौक करणे अगत्याचे आहे." आता सगळा मंडप म्हणाला, "व्हय म्हाराजा." पोरे हसू लागली, म्हाताऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही, आणि प्रत्येक कलमागणिक तो आवाज घुमत गेला. बागेचा कोपरा घेण्यात येईल. व्हय म्हाराजा. विहीर बुजवण्यात येईल. व्हय म्हाराजा.

काय चालले आहे हे मंडपात कदाचित मला एकट्यालाच कळत होते, कारण साहेब होकार लिहून घेत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मी उठलो. उभा राहून एवढ्या माणसांसमोर मी कधी बोललो नव्हतो. तरी म्हणालो, "साहेब, कृपा करून थोडे थांबावे."

मंडप म्हणाला, "व्हय म्हाराजा."

साहेबांनी हसून मला बसायची खूण केली. सभा संपल्यावर ते मला म्हणाले की, इतकी एकमुखी सभा त्यांनी साऱ्या नोकरीत पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी बागेत खुंट्या ठोकल्या आणि तेव्हा गाव जागे झाले. पहिली आली जनाबाय. तिने एका खुंटीकडे, मग झाडाकडे, मग माझ्याकडे पाहिले. "मास्तर, ही खुटी हयसर कित्याक मारलास? ह्यां झाड जातलां काय?" मी होय म्हटले. "विचारलास कोणाक?" मी म्हटले, गावाला विचारले, देवळात, आणि गाव होय म्हणाले. जनाबाय म्हणाली, "माका कोणी विचारूक नाय. मी थयसर नव्हतंय. मी हयसर वळेसर करी होतंय."

तात्या गावकर संतापून आले. "आमी खंय होकार दिलो?"

"दिलात, तात्या. प्रत्येक कलमाला दिलात."

"ता आमी देवाक म्हटला. सायबाक न्हय."

"पण साहेबांनी लिहून घेतले."

तात्या त्या खुंटीशेजारी बसले. म्हणाले की, सत्तर वर्षे देवाने त्यांचे गाऱ्हाणे ऐकल्याची खात्री नव्हती, आणि ज्याने ऐकले तो निघाला बांधकाम खात्याचा. मग त्यांनी माझ्याकडे वर पाहिले. "मास्तर, तुमी भूमिती शिकयलात. दुसरी काय वाट नाय?"

नाही, असे मी म्हणणार होतो. पण ते म्हणवले नाही. चार-पाच दिवस मी तिठ्यावर नुसता उभा राहत असे. बागेच्या मागे कातळ होता आणि त्यावरून पायवाट जात होती, हे मला ठाऊकच होते. पण कातळ आहे म्हणून ती बाजू नकाशात कोणीच विचारात घेतली नव्हती. सोमवारी सवयीने देवळात गेलो. गर्दी होती. दर्शन घेऊन निघणारे, नुकते येणारे, मुले कडेवर घेतलेल्या बायका, काठी टेकीत चालणारे म्हातारे, सगळे गाभाऱ्याभोवती फिरत होते. कोणी कोणाला धडकत नव्हते. कोणी शिटी वाजवीत नव्हते. कोणी मागे-पुढे करीत नव्हते. मी एका खांबाला धरून उभाच राहिलो. मागून एक बाई म्हणाली, "फुडे चला हो मास्तर, वाट अडयलात." मी पुढे चाललो आणि तसाच घरी गेलो.

युक्ती अशी होती. बाग तोडून मोकळी जागा करायची नाही. बागच मध्यभागी ठेवायची आणि तिन्ही रस्त्यांच्या वाहनांनी तिच्याभोवती एकाच दिशेने फिरायचे. ज्याला ज्या रस्त्याला जायचे असेल त्याने तो आला की बाहेर पडायचे. गाडी मागे घेण्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे फिरताना बाग आपोआप उजव्या हाताला राहते, जशी देवाची प्रदक्षिणा. फक्त मागच्या बाजूला कातळाचा पट्टा कापून रस्ता करायला हवा होता. आणि आमचा कातळ जांभ्याचा. तो कापला की चिरे निघतात. त्याच चिऱ्यांनी बागेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालता येईल.

मी नकाशा काढून साहेबांना पाठवला. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते रागावले नाहीत, पण त्यांची शंका सरळ होती. मुंबईत अशी वर्तुळे आहेत, पण तिथे पोलीस उभा असतो. इथल्या बैलगाडीवाल्याला एकेरी वाहतूक कोण शिकवणार? एक गाडी उलटी आली की सगळे अडकणार. शेवटी त्यांनी कळवले की ते स्वतः येतील, जमिनीवर आखून दाखवा, एस.टी.ची एक गाडी मागवा, आणि मग पाहू. जमले नाही तर मूळ योजना कायम.

म्हणजे झाडांचा निकाल आता माझ्या फक्कीवर होता.

मी बागेभोवती पूर्ण आकाराचे वर्तुळ चुन्याने आखले. कातळाच्या बाजूला पायवाटेचे खड्डे माती टाकून तात्पुरते सपाट केले. त्या कामाला रस्तेवाले आणि बागवाले दोघेही आले, आणि ते एकमेकांशी बोलत नसल्यामुळे काम झपाट्याने झाले. शिंपी ओट्यावरून बघत म्हणाला, "मास्तरान शाळेत पोरांका शून्य दिल्यान, आता गावाक दिता हा."

साहेब आले. आमच्याकडे कोणतेही काम नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नाही. बागेच्या कोपऱ्यावर थळाच्या, म्हणजे त्या जागेच्या, देवाचा पाषाण आहे. तात्या गावकर तेथे नारळ घेऊन उभे राहिले, साहेबांनाही आदराने शेजारी उभे केले, आणि त्यांनी गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा, ह्या तीन वाटांच्या धन्या, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुझी लेकरां आज हयसर गोळा झाली आसत, तेंचा गाऱ्हाणा आयक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्या दिवशी देवळात आमच्या तोंडातसून काय चुकीचो होकार गेलो आसात, तर तो माघारी घे रे म्हाराजा."

हा "व्हय म्हाराजा" इतका मोठा होता की सुरंगीवरचे कावळे उठले. साहेबांनी चमकून माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

"ही बाग मधी ऱ्हवान, गाडी-घोडो, यष्टी, सायकल, सगळ्यांनी तिका उजव्या हाताक ठेवन फिराचा, असो नेम घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

येथे तात्या थांबले. मला वाटले संपले. पण त्यांनी मान वळवून मला बोलावले. "फुडचा रस्त्याचा आसा. ता माका येना नाय. मास्तर सांगतले." मी नको नको म्हणत असताना लोकांनी मला पुढे केले. पाषाणासमोर उभे राहून मला गावची भाषा आठवेना, प्रार्थनाही आठवेना. मी मला येत होते तेच बोललो, अगदी कार्यालयातल्या मराठीत. "मागच्या बाजूचा कातळ कापावा लागेल, महाराजा."

आणि सगळा गाव मला म्हणाला, "व्हय म्हाराजा."

वाचकहो, ज्याच्या बोलण्याला जन्मात कधी चारचौघांनी दाद दिली नाही, त्याला त्या क्षणी काय वाटले हे मला लिहिता येत नाही. माझा आवाज आपोआप मोठा झाला. "कापलेल्या चिऱ्यांनी बागेला गडगा घालावा लागेल, महाराजा." व्हय म्हाराजा. "विहीर राहील, सुरंगी राहील, महाराजा." जनाबाय मागे बायकांत उभी होती. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

मग प्रत्यक्ष परीक्षा. एस.टी.चा चालक सावंतवाडीकडचा होता, गावचे राजकारण त्याला ठाऊक नव्हते. तो कणकवलीच्या रस्त्याने आला, चुन्याच्या रेषेला धरून बागेच्या मागून फिरला आणि एकदाही न थांबता बंदराच्या रस्त्याला लागला. कंडक्टर शिटी तोंडात धरून उभा होता, ती वाजवायची वेळच आली नाही. तीन सायकली, एक मोटार आणि बैलगाड्या सोडल्या. सगळ्या नीट फिरल्या.

साहेब मात्र पक्के होते. त्यांनी बाबल नावाच्या गाडीवानाला बोलावले. त्याला देवळाच्या रस्त्याला जायचे होते आणि तो रस्ता उलट्या बाजूने हाकेच्या अंतरावर होता. साहेबांनी त्याला त्याच बाजूने जायला सांगितले. लांबून फिरण्याची गरज नाही, कोणी काही म्हणणार नाही.

बाबलाने बैलांचे कासरे खाली ठेवले. "सायबानू, उलटी प्रदक्षिणा मी घालूचंय नाय. तुमका घालूची आसात तर बैल तुमच्या हातात देतंय."

सगळे हसले. साहेबही हसले, पण थोड्या वेळाने. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओव्हरसिअर, देवळातला होकार मी होकार म्हणून लिहिला. आता हा मी काय म्हणून लिहू?"

"होकारच, साहेब," मी म्हणालो.

"आणि पोलीस?"

"लागणार नाही, साहेब."

पुढचा उन्हाळा संपण्यापूर्वी तिठा तयार झाला. कातळाचे चिरे निघाले, गडगा झाला, आणि गडग्यातून जनाबायच्या बाकड्यापर्यंत जायला एक वाट मी नकाशात नसताना सोडली. मागाहून त्या वाटेची मंजुरी घेतली. दोन्ही पक्षांनी विजय आपलाच झाला असे मानले, हे मला फार समाधानाचे वाटते. कारण दोघांचेही खरे होते. पुढच्या शिमग्याला एस.टी.तले उतारू खिडकीतून हात बाहेर काढून वळेसर घेऊ लागले, कारण गाडी आता बागेभोवती सावकाश फिरत असे. जनाबाय म्हणे, पूर्वी गिऱ्हाईक तिच्याकडे येत होते. आता मास्तरांनी गिऱ्हाईक तिच्याभोवती फिरवले.

खेद एकाच गोष्टीचा आहे. एक सुरंगी वाचली नाही. कातळ कापताना तिची मुळे उघडी पडली आणि दोन वर्षांत ती वाळली. त्या जागी लावलेले रोप अजून फुललेले नाही. सुरंगीला वेळ लागतो. मला या झाडाविषयी नेहमीच आपुलकी वाटत आली आहे.

तिठ्यावर माझे नाव नाही, पाटीही नाही. नवे चालक येतात, नव्या गाड्या येतात. प्रदक्षिणा, गाऱ्हाणे, बाबल गाडीवान हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. माझ्या घराच्या खिडकीतून तो भाग दिसत नाही, आणि आता तेथवर चालत जाणे मला जमत नाही. म्हणून एक विचारतो. आपण कधी आमच्या गावावरून बंदराकडे गेला असाल, तर त्या तिठ्यावर बाग आपल्या कोणत्या हाताला होती?